दुसरं काडतूस

मी बंदुका दुरुस्त करतो असं सांगितलं की लोक एकदम निरखून बघायला लागतात. मग त्यांना माझा जाड चष्मा दिसतो, बोटांच्या पेरांत कायमचं बसलेलं काळं तेल दिसतं, आणि त्यांचा उत्साह ओसरतो. चाळीस वर्षं झाली, गिरगावातल्या एका बंदुकांच्या दुकानात मागच्या खोलीत मी टेबलाशी बसतो. पुढे काउंटर, काचेची कपाटं आणि मालक. मागे मी, लोखंडी शिकंजा, कानशी, आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप, जो दिवसभर घोरत असतो. शिकार बंद होऊन इतका काळ लोटला की माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक बंदुकांनी रान पाहिलेलंच नाही. आता गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे पहारेकरी, कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेले थोडे लोक, आणि वडिलांची बंदूक ठेवायची की विकायची हे ठरत नसलेली त्यांची मुलं. मालकांनी मला दोन वर्षांपूर्वी "आता आराम करा" असं सांगून पाहिलं. मग दुसरा माणूस मिळेना, म्हणून अजून आहे. घोडपदेवहून बसने येतो, बसने जातो. कामाचा कंटाळा येतो हे सांगायची आता लाज वाटत नाही.

बुवा आले ते नवरात्र बसायच्या आधीच्या आठवड्यात. बुवा म्हणजे भजनाचे बुवा. राहायला भोईवाड्यात, मूळचे सिंधुदुर्गातले. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झाले. चाळीत भजनाला पेटी तेच वाजवायचे, म्हणून सगळा भोईवाडा त्यांना बुवाच म्हणतो आणि मीही. वीस वर्षांची ओळख, पण दुकानातलीच. त्यांच्याकडे वडिलांकडून वारसाने आलेली बेल्जियमची जुनी बारा बोअर बंदूक आहे. अशी बंदूक आता फार कोणाकडे राहिलेली नाही. प्रत्येक बार काढल्यावर तिला हाताने काही करावं लागत नाही. बार झाला की त्याच धक्क्याने तिची नळी मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, आणि पुढे येताना आतलं दुसरं काडतूस आपोआप वर चढतं. माणसाने फक्त चाप ओढायचा. चालली तर फार सुंदर चालते. रुसली तर तिची समजूत काढण्यात दोन दिवस जातात.

एरवी बुवा आले की आधी स्टूल ओढून बसायचे, पंपाला शिव्या घालायचे, मग चहा. त्या दिवशी बसले नाहीत. चादरीत गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, ही एक बार काढते आणि थांबते."

"ठेवून जा. बघतो."

"दुरुस्त मागाहून करा हो. आधी का थांबते तेवढं सांगा. आणि खरंच थांबते की नाही, ते पण सांगा."

मला राग आला. गिऱ्हाईक कोड्यात बोलायला लागलं की मला राग येतो. थांबत नाही तर आणलीत कशाला, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात ते भिंतीला टेकून खाली बसले. स्टुलावर नाही, खाली, लादीवर. मग मी कानस बाजूला ठेवली.

गेल्या वर्षी गणपतीला बुवा गावी गेले आणि भातकापणीपर्यंत तिथेच राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा तोच क्रम होता. गावी धाकटा भाऊ असतो, शेती तोच बघतो. रानडुकरांनी भाताचा नुसता चोथा केला होता. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी उजाडता उजाडता दोघे भाऊ शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, गेले. भावाच्या हातात पत्र्याचा डबा वाजवायला, बुवांच्या हातात बंदूक. तीन काडतुसं भरलेली. हवेत एक बार काढायचा, डुकरं पळतात, घरी येऊन चहा प्यायचा, असं इतकी वर्षं चाललं होतं. त्या दिवशीही बुवांनी हवेत बार काढला. डुकरं पळाली. एक मात्र वळलं आणि सरळ भावावर गेलं. बुवांनी बंदूक खाली केली, नेम धरला, आणि पुढे काही झालंच नाही. डुकराने भावाची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली, हाडही मोडलं.

"पुढे काही झालं नाही म्हणजे काय? चाप ओढला नाहीत का?"

"तेच तर विचारतोय ना मी तुम्हाला," बुवा म्हणाले. "मला वाटतं ओढला. पण कान बारानेच बधिर झाले होते. टक् आवाज आला की नाही तेसुद्धा आठवत नाही. बोट चापावर होतं. मग डुक्कर दिसलं. मग भाऊ खाली पडलेला दिसला. मधलं काहीच नाही."

वाडीतला शेजारी धावत आला. बुवांच्या हातातली बंदूक त्याने काढून घेतली, बाजूचा खटका हाताने मागे ओढला, आतलं काडतूस बाहेर पडलं, दुसरं वर चढलं, आणि त्याने डुकराच्या मागे झाडीत बार काढला. पहिल्या फटक्यात निघाला. त्या दिवसापासून वाडीत एकच बोलणं. बंदूक चांगली चालते, मुंबईकराचा हात थिजला.

मी विचारलं, "शेजाऱ्याने खटका ओढल्यावर जे बाहेर पडलं, ते भरलेलं होतं की रिकामं?"

"कोण बघतो मिस्त्री? आम्ही भावाला दाराच्या फळीवर घालून रस्त्यापर्यंत नेत होतो."

सगळं त्या एका प्रश्नात होतं. बाहेर पडलेलं काडतूस भरलेलं असेल, तर बंदुकीने आपलं काम केलं होतं आणि बुवांनी चाप ओढलाच नव्हता. रिकामं असेल, तर पहिल्या बारानंतर नळी पुरती मागे गेलीच नव्हती, जुनं टरफल आतच राहिलं होतं, आणि बुवांनी दहा वेळा चाप ओढला असता तरी काही झालं नसतं. दोन्ही वेळा बाहेरून बंदूक सारखीच दिसते. मी हे बुवांना समजावून सांगितलं. त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली.

"भाऊ काय म्हणतो?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही. पायात सळी घातलीय. काठी घेऊन चालतो. मला फोन करतो, भाताचं सांगतो, पावसाचं सांगतो. ते सोडून सगळं बोलतो." मग म्हणाले, "यंदा गणपतीला नाही गेलो. गुडघा दुखतो सांगितलं."

कोकणातला माणूस गणपतीला गावी गेला नाही म्हणजे काय, हे गिरणगावात कोणाला सांगावं लागत नाही. नोकरी सोडून जाणारे मी पाहिलेत, सलाइन काढून जाणारे पाहिलेत. आमचं मूळ घाटावरचं, आम्हाला ते वेड नाही, पण गणपतीत अख्खी चाळ रिकामी होते आणि आम्ही घाटावरचे चार जण मागे राहून पाणी भरतो, हे लहानपणापासूनचं. बुवांच्या घरी गणपती एकवीस दिवसांचा असतो आणि भजनाला पेटी त्यांचीच. मला त्यांच्याकडे बघवेना. मी पावती फाडली, दोन दिवसांनी फोन करतो म्हटलं.

बंदूक उघडली आणि खोबरेल तेलाचा खवट वास नाकात भसकन शिरला. मला जवळजवळ आनंद झाला. आमच्या धंद्यात कोकणी बंदूक ओळखायची ती अशी. दसऱ्याला शस्त्र म्हणून तिची पूजा होते. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि वर्षाचं तेलपाणीही त्याच दिवशी, देवाच्या समईला असतं त्याच खोबरेलाने. बंदुकीच्या तेलाची बाटली मी स्वतः बुवांना दोनदा दिली आहे. ती कपाटात राहते, कारण देवाच्या कामाला बाटलीतलं तेल कसं चालेल? खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षभराने डिंकासारखं चिकटतं. खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्याच्या आत एक लांब स्प्रिंग असते, ती पिवळ्या चिकट्यात रुतून बसली होती. तिच्या वेटोळ्यांतून तांदळाचे चार दाणे निघाले, कुंकू लागलेले. म्हटलं, सापडलं. चला, घरी जाऊ.

पण सापडलं नव्हतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. दस्त्यातली स्प्रिंग चिकटली तर दुसरं काडतूस हळू चढतं, अर्ध्यात अडकतं, खटका उघडाच राहतो. बुवांच्या बंदुकीचा खटका बंद होता. नाहीतर शेजाऱ्याला तो ओढावा कशाला लागला असता? शिवाय दसऱ्याला घातलेलं तेल दोन-तीन दिवसांत डिंक होत नाही. हे मी दुसऱ्या कोणाच्या बंदुकीबद्दल एका क्षणात सांगितलं असतं. तरी मी रॉकेलमध्ये ती स्प्रिंग धुतली, पुसली, चांगलं तेल लावलं, सगळं सावकाश केलं. पुढचं लाकूड मुद्दाम शेवटी ठेवलं. नळीखालच्या लाकडाचं टोपण फिरवलं, लाकूड काढलं, आणि कडी बघितली.

या जातीच्या बंदुकीत नळीखाली एक मोठी स्प्रिंग असते आणि तिच्याबरोबर एक पोलादी कडी. कडी स्प्रिंगच्या पुढे घातली तर नळीला जास्त अडकाव होतो. ती मांडणी जड, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसांसाठी. कडी स्प्रिंगच्या मागे घातली की अडकाव कमी, ती हलक्या काडतुसांसाठी. कडी पुढे ठेवून हलकी काडतुसं घातली, तर धक्क्यात नळी मागे सरकायची ताकदच नसते. अर्ध्यात जाते आणि टरफलासकट परत येते. कडी पुढे होती. आणि ती तिथे मी घातली होती.

गेल्या वर्षी निवडणुकीसाठी सगळ्यांच्या बंदुका जमा झाल्या होत्या. परत मिळाली तेव्हा नळीवर गंज चढला होता, म्हणून बुवांनी ती गणपतीच्या आधी माझ्याकडे दिली. मी गंज काढला आणि बंदूक जोडताना कडी पुढे घातली, कारण माझ्या वस्तादांनी मला तसंच शिकवलं होतं. जुनी बंदूक आली की कडी पुढे, गिऱ्हाइकाला विचारत बसायचं नाही. धक्का कमी बसतो, लाकूड चिरत नाही, आणि लाकूड चिरलं तर शिव्या आपल्याला बसतात. वस्तादांच्या काळी सगळे जड काडतुसंच नेत, त्यामुळे ते बरोबर होते. पण आता कोणी नेत नाही. त्या महिन्यात तर आमच्या दुकानात जड काडतुसं आलीच नव्हती. बुवांनी आमच्याच काउंटरवरून हलकी नेली, माझ्यापासून दहा पावलांवर. कुठलं काडतूस घालता, एवढं एक वाक्य विचारायचं होतं. मी विचारलं नाही. मला बहुतेक बस पकडायची होती. खरं तर आठवतही नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

मी कडी होती तिथेच ठेवली. लाकूड परत बसवलं, चहा मागवला, आणि एक तास काही केलं नाही. पंप घोरत होता. माणसाचा पाय गेला आणि मी इथे चहा पितोय, असं वाटत होतं, तरी चहा प्यायलो. मग मालकांना सांगितलं. ते वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं, दुकानाच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, "तेल होतं ना आत? तांदूळ पण होते ना? मग तेलच सांगा. खोटं थोडंच आहे? उगाच लेखीबिखी काही देऊ नका."

खोटं नव्हतंच. हेच तर त्यातलं सोयीचं होतं.

दोन दिवसांनी मी फोन करायच्या आत बुवांचाच आला. मागे कुठेतरी कुकरची शिटी होत होती.

"काय झालं मिस्त्री, सापडलं का काही?"

"तेल," मी म्हणालो. "खोबरेल घातलंत ना दसऱ्याला? आत पार डिंक झालाय. अक्षता पण गेल्यात स्प्रिंगमध्ये."

पलीकडे कुकरची आणखी एक शिटी झाली.

"पूजा भाऊ करतो," बुवा म्हणाले. "तेल त्याने घातलं होतं. माझ्यासमोर. मी म्हटलं पण होतं, जरा जास्त घाल रे." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "म्हणजे त्याने त्याच्याच हाताने... नाही नाही, मिस्त्री, हे राहू द्या. हे कोणाला सांगू नका. त्यापेक्षा माझाच हात थिजला असं राहू दे."

फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही. हा माणूस वर्षभर एक ओझं घेऊन फिरतोय, ते खाली ठेवायला माझ्याकडे आला, आणि मी ते उचलून लंगड्या भावाच्या डोक्यावर ठेवून दिलं. का, तर एकसष्टाव्या वर्षी मला कोणाकडून काही ऐकून घ्यायचं नव्हतं. रात्री जेवताना बायको म्हणाली, "काय झालंय? भाजीत मीठ नाही, तरी गप्प खाताय." मी तिला सगळं सांगितलं. तिने मला सल्ला वगैरे दिला नाही. भाजीत मीठ घालून आणलं आणि म्हणाली, "त्यांना बोलवा."

मी बुवांना नेमबाजीच्या रेंजवर बोलावलं. बंदूक त्यांच्या परवान्यावर, तेव्हा बार त्यांनीच काढायला हवा होता, आणि दुकानामुळे रेंजवर माझी ओळख आहे. सकाळची वेळ, मंडळी तुरळक होती. बुवा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कोर्टात जायचं असल्यासारखे. काउंटरवरून मी तीच हलकी काडतुसं आणली होती. कडी पुढेच होती. तेल मात्र सगळं धुतलेलं.

"दोन भरतो," मी म्हणालो. "पहिला बार झाला की थांबू नका. दुसऱ्यांदा चाप ओढा. मी बाजूला उभा राहून तुमचं बोट बघतो. बाकी काही बघत नाही."

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. पहिला बार झाला. लगेच त्यांचं बोट परत चापावर आवळलं, पांढरं पडेपर्यंत. काहीच झालं नाही. पुन्हा आवळलं. मग ते माझ्याकडे वळायला लागले, तेव्हा मी नळी समोरच ठेवायला लावली, त्यांच्या हातातून बंदूक घेतली आणि खटका मागे ओढला. काडतूस सिमेंटवर पडलं आणि टणटणत लांब गेलं. मी ते उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. रिकामं होतं, आणि अजून गरम.

बुवा ते हातात धरून उभे राहिले.

मी तिथल्याच बाकावर बंदूक उघडली. टोपण काढलं, नळी काढली, स्प्रिंग काढली, कडी पुढून काढून मागे घातली. पाच मिनिटांचं काम आहे. चाळीस वर्षांत मी ते हजारदा केलं असेल, पण त्या दिवशी दोनदा हातातून टोपण खाली पडलं. परत दोन काडतुसं भरून बंदूक बुवांना दिली. यावेळी दोन्ही बार निघाले, एकामागून एक, आणि दोन्ही टरफलं उजवीकडे उडून पडली.

"बुवा," मी म्हणालो, "तेलाचं मी खोटं सांगितलं. म्हणजे तेल होतं, पण कारण ते नव्हतं. ही कडी चुकीच्या जागी होती. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ती मी तिथे घातली. तुमच्या भावाचा पाय माझ्यामुळे गेला."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. बसमध्ये मनाशी उत्तरंही जुळवली होती, वस्ताद, काडतुसं, तो काळ. बुवांनी त्यातलं काही ऐकलंच नाही.

"म्हणजे मी चाप ओढला होता," ते म्हणाले.

"बुवा, कडी मी—"

"तुमचं मागाहून हो. मी ओढला होता ना? तुम्ही बघितलंत ना बोट?"

"बघितलं. तुम्ही ओढला होता. तेव्हाही ओढलाच असणार. टरफल आतच होतं, म्हणून तर बार निघाला नाही."

ते बाकावर बसले. रिकामं काडतूस खिशात घातलं, परत बाहेर काढलं, परत घातलं. मग मोबाईल काढला आणि भावाला फोन लावला. कान अजून बधिर असावेत, म्हणून स्पीकरवर. मालवणी मला बोलता येत नाही, पण चाळीत वाढल्यामुळे समजते सगळी.

"आयकतंस मां रे? मी दादा. मी चाप ओढललंय. त्या दिवशी. बंदूक अडाकली हुती, मिस्त्रीन बघल्यान. मी ओढललंय."

पलीकडे एक कोंबडा आरवला. मग भावाचा आवाज आला, जड, काहीसा वैतागलेला. "मी तुका कदी इचारलंय?"

"इचारूक नाय म्हणान तर—"

"माका दिसला हुता तुजा बोट. मी तुज्याकडेच बघी हुतंय. मग गणपतीक इलंस नाय कित्याक?"

भाऊच बोलत राहिला. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला कोणी नव्हतं, एका पायाने शिडीवर कसं चढणार? पेटी कोणी उघडली नाही. एकवीस दिवस आरत्या मोबाईलवर लावल्या. शेवटच्या दिवशी तर मोबाईलची बॅटरीच संपली आणि आरती अर्ध्यावर थांबली. एवढं सांगून तो म्हणाला, "थंय कोण आसा? मिस्त्री? त्येका दी."

बुवांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. गप्प राहिलो असतो तर जमलं असतं. मालक तसंच म्हणाले होते, बुवांना तर ऐकायचंच नव्हतं. पण त्या माणसाचा पाय गेला होता, आणि त्याला खरं कारण अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"नमस्कार," मी म्हणालो. "बंदुकीतली एक कडी मी चुकीच्या बाजूला घातली होती. गेल्या वर्षी. चूक माझी आहे. तुमच्या दादांची नाही, तुमच्या तेलाचीही नाही."

मी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"माज्या पायातली सळी," तो म्हणाला, "पयली वाकडी बसली. डाक्टरान परत फाडून दुसरी घातल्यान. त्येनापण असाच सांगल्यान, चूक माजी म्हणान." आणि मग, "आता तुमची कडी सरळ आसा मां?"

"आहे. दोन्ही बार निघाले."

"मग भात पिवळा पडला हा हयसर. डुकरां येवक लागली." त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि नाही केलं असंही म्हणाला नाही. त्याने शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं. "दादा काय करता? रडता काय?"

मी बघितलं. बुवा भिंतीला कपाळ टेकून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"हो," मी म्हणालो.

"रडांदेत," भाऊ म्हणाला. "रडान झाला की यष्टीत बसवा."